कोल्हारचा मुका फोन

चोऱ्या, दरोडे, खून अशा कितीतरी प्रकरणांचा तपास केला. त्यातली बरीचशी आता तपशिलासह आठवत नाहीत. कोल्हारच्या एका घरात येणाऱ्या मुक्या फोनची तक्रार मात्र मनातून गेलेली नाही. गुन्हा म्हणाल तर त्यात काहीच नव्हता, प्रकरण कोर्टातही गेलं नाही. तरी नोकरीतल्या आठवणी सांगा असं कुणी म्हटलं की मला आधी तीच सुचते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे अपघात, बांधावरच्या मारामाऱ्या, विहिरीवरच्या मोटारींच्या चोऱ्या हे आमचं रोजचं काम. त्यात फोनची भर पडली होती. खेडोपाडी घरात फोन आले आणि त्यांच्या पाठोपाठ फोनवरून शिवीगाळ, धमकी, छेडछाड अशा तक्रारीही आल्या. फोन कुठून आला हे दाखवणारं यंत्र तेव्हा गावात कुणाकडे नसायचं.

त्या दिवशी हजेरी आटोपून मी डाक बघत होतो. ठाणे अंमलदारानं एका गृहस्थांना आत आणलं. साखर कारखान्यातून शेतकी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, कोल्हारला स्वतःचं घर, नदीकाठी जमीन. कडक इस्त्रीचा शर्ट, बसतानाही पाठ ताठ. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. खरी नावं मी कुणाचीच देणार नाही, म्हणून इथेही अण्णाच म्हणतो.

"साहेब, माझ्या घरी मुका फोन येतो," ते म्हणाले. "मी हॅलो म्हनतो, पलीकडं कुनी बोलत न्हाई. नुसती खरखर. ठेवला की कधी कधी पुन्हा वाजतो."

"कोणत्या वेळेला?"

"सकाळी. एक-दोन दिवस मध्ये जातात की आलाच."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करनार? शिव्या घालतो. एकदा तर म्हनलं, पुन्हा या घरी फोन केलास तर तंगडं तोडीन. तरी येतोच. हिंमत बघा त्याची. मी घरात ताकीद देऊन ठेवलीय, मी सोडून कुनी फोन उचलायचा न्हाई."

मुक्या फोनची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा एक नाव तयार असतं. मी विचारलं, "संशय कुणावर आहे?"

त्यांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला.

"श्रीरामपूरला एक मास्तर हायेत. रिटायर झालेत. ख्रिस्ती लोक. त्यांच्या मुलानं आमच्या मुलीशी लग्न केलं. पुन्यात शिकत हुती दोघं. आमाला इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. आता अमेरिकेत असतात. आमचा संबंध संपला. पन त्या मास्तरच्या मनात असंल आमाला खिजवावं असं."

अदखलपात्र नोंद करून घेतली. टेलिफोन खात्याला पत्र दिलं की या नंबरवर नजर ठेवावी आणि येणारे फोन कुठून येतात ते कळवावं. खात्याचं उत्तर यायला वेळ लागणार हे माहीत होतं, म्हणून आमच्या जुन्या हवालदारांना कोल्हारला पाठवलं. त्यांची सगळी नोकरी याच पट्ट्यात गेली होती. कोणत्या टपरीवर कोण काय बोलतं ते त्यांना घरबसल्या कळायचं.

संध्याकाळी ते खबर घेऊन आले. एसटी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवाल्यानं सांगितलं होतं की मागे एकदा श्रीरामपूरच्या गाडीतून एक वयस्क माणूस उतरला. त्यानं गावातलाच एक नंबर फिरवला, रिसीव्हर कानाला लावला आणि एक शब्दही न बोलता खाली ठेवला. मग बराच वेळ बूथच्या बाहेर उभा राहिला आणि परतीच्या गाडीत बसून निघून गेला. नंबर अण्णांच्या घरचा होता, म्हणून बूथवाल्याच्या लक्षात राहिला.

"मास्तरच, साहेब," हवालदार म्हणाले. "मी पाहिलंय त्यांना, वर्णन तंतोतंत जुळतंय."

श्रीरामपूरच्या ठाण्यामार्फत निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी मास्तर हजर झाले. सडपातळ, सावळे, बुशशर्टाच्या खिशाला पेन. ठाण्याची पायरी पहिल्यांदाच चढत असावेत. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. चौकशीच्या वेळी चहा देण्याची माझी सवय होती. ज्याच्या मनात काही अडकलेलं असतं त्याचा चहा गार होतो. मास्तरांच्या कपावर साय धरली.

"तुम्ही कोल्हारच्या व्याह्यांना फोन करता?"

"नाही."

"कधी कोल्हारला गेला होता?"

मास्तरांनी कप जरा बाजूला सरकवला. मी बूथवाल्यानं सांगितलेलं सगळं त्यांना ऐकवलं. ते नंतर अगदी हळू म्हणाले, "एक फोन केला होता. एकच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायलाच गेलो होतो, साहेब. त्यांना नात झालीय, एवढं सांगायचं होतं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सूनबाई स्वतः काही म्हणत नाही," मास्तर सांगू लागले. "पण बाळंतपण परक्या देशात झालं, आई जवळ नव्हती. मुलगा म्हणाला, ती एकटी असली की रडते. आम्हाला वाटलं, तिच्या घरी कळवायला हवं. पत्र लिहिलं तर न वाचता फाडतील. घरी गेलो तर दारातूनच परत पाठवतील. म्हटलं, कोल्हारला जाऊन तिथूनच फोन करावा. बरं बोलले तर तसंच घरी जाऊन यावं. बरोबर पेढे घेतले होते."

"मग?"

"त्यांनी फोन उचलला आणि 'कोण हाय रे' असा आवाज चढवला, तसा माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. ठेवून दिला. पेढे परतीच्या गाडीत शेजारच्या पोरांना वाटले."

"आणि बाकीचे फोन?"

"माझे नाहीत. एक केला, तो तुम्हाला सांगितला."

त्यांना पाठवून दिल्यावर हवालदार म्हणाले की हा माणूस एक कबूल करून बाकीचे लपवतोय. तसं करणारे लोक असतात, हे खरं. पण लपवणारा माणूस आपली लाज चव्हाट्यावर आणत नाही, आणि मास्तरांनी पेढ्यांची गोष्ट कुणी न विचारता सांगितली होती. मी खात्याच्या उत्तराची वाट बघायचं ठरवलं.

उत्तर आलं तेव्हा तपासाची दिशाच बदलली. हे फोन श्रीरामपूरचे नव्हते, जिल्ह्यातलेही नव्हते. ते मुंबईकडून येणाऱ्या ट्रंक लाईनवर येत होते, आणि त्यामागचा मूळ नंबर कळत नव्हता. एक्स्चेंजमधले अधिकारी म्हणाले, "हा बाहेरदेशचा कॉल असावा. हल्ली असे यायला लागलेत. आम्हालाही त्यांचा नीट पत्ता लागत नाही."

बाहेरदेशी मास्तरांचा मुलगा होता. सासऱ्यानं झिडकारलं याचा राग जावयाच्या मनात असणं शक्य होतं. मी मास्तरांना निरोप दिला की मुलाचा फोन येईल तेव्हा मला त्याच्याशी बोलायचं आहे. ते म्हणाले, "रविवारी आम्ही चर्चमधून आलो की येतो. तुम्ही घरीच या."

रविवारी मी साध्या कपड्यांत गेलो. दारात पोलीस दिसला तर शेजारीपाजारी चर्चा होते आणि त्या घराला ती पुढे कित्येक दिवस पुरते. मास्तरांच्या पत्नीनं पाणी दिलं आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या. मी मास्तरांना विचारलं, "अमेरिकेतून दर रविवारी फोन म्हणजे महाग पडत असेल?"

"पूर्वी पडायचा. सणावारालाच करायचा तो," मास्तर म्हणाले. "आता त्यानं घरी कम्प्युटर घेतलाय. त्यातूनच फोन लावतो. इंटरनेट म्हणतात त्याला. मला काही त्यातलं कळत नाही, पण आता पोटभर बोलतो."

मलाही त्यातलं काही कळत नव्हतं. आमच्या मुख्यालयात तेव्हा एक कम्प्युटर आला होता, त्यावर बहुतेक वेळ कापडी आवरण असायचं. कम्प्युटरमधून माणूस बोलतो ही गोष्ट मी तशीच ऐकून घेतली.

फोन वाजला. मास्तरांनी मुलाला सांगितलं की साहेब आलेत, त्यांना बोलायचंय, आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"हॅलो," मी म्हणालो.

पलीकडून काहीच नाही. बारीक खरखर फक्त.

"हॅलो, ऐकू येतंय का?"

काही नाही. लाईन तुटली असं समजून मी रिसीव्हर खाली नेऊ लागलो. मास्तरांनी माझं मनगट धरलं.

"थांबा, साहेब. ठेवू नका. तिकडून आवाज यायला वेळ लागतो. आपण बोलून गप्प राहायचं."

मी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला, आणि विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला, "हॅलो साहेब, नमस्कार. येतंय ऐकू."

चौकशी अशी मी आयुष्यात केली नव्हती. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. कोल्हारला फोन कोण करतं, असं मी विचारलं. थोड्या वेळानं उत्तर आलं, "मी नाही करत. खरंच नाही. त्यांचा नंबरसुद्धा मी कधी लावलेला नाही." त्याचा स्वर गोंधळलेला होता, खोटा वाटत नव्हता. मी पुढचा प्रश्न विचारायच्या आत तिकडे काही कुजबुज झाली आणि एका मुलीचा आवाज आला.

"साहेब, ते फोन मी करते."

मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं.

"तुम्ही? मग बोलत का नाही?"

वाट बघितली.

"आधी बोलायचे. बाळ झोपलं, हे कामावरून यायचे असले की कम्प्युटरवरून करायचे फोन. तिकडे तेव्हा सकाळ असते, अण्णा घरी असतात. 'अण्णा, मी बोलतेय' म्हणायचे. पण माझा आवाज ऐकला की ते फोन ठेवून देतात. एकदा म्हणाले, पुन्हा या घरी फोन केलास तर तंगडं तोडीन. तेव्हापासून मी बोलत नाही. नुसती ऐकते."

"एवढं ऐकूनही करत राहिलात?"

"ते हॅलो म्हणतात ना. मागे आईच्या भांड्यांचा आवाज येतो कधी कधी."

मला एकदम उलगडा झाला. थोड्या वेळापूर्वी मीही तेच करणार होतो. अण्णा हॅलो म्हणत, तो शब्द समुद्रापार जाई, मुलगी उत्तर देई, आणि ते उत्तर वाटेत असतानाच इकडे अण्णा संतापून फोन आपटत. बाप समजत होता की कुणी छळतंय. मुलगी समजत होती की बापानं आवाज ओळखून झिडकारलं.

मी सावकाश म्हणालो, "ताई, नीट ऐका. तुमचा आवाज अण्णांनी एकदाही ऐकलेला नाही. तो पोचायच्या आत ते फोन ठेवतात. त्या शिव्या तुम्हाला नव्हत्या. कुणीतरी मुका फोन करून त्रास देतंय अशी तक्रार त्यांनी माझ्याकडे केलीय."

मी थांबलो. यायला हवं होतं तेवढ्या वेळात उत्तर आलं नाही. आणखी थांबलो. शेवटी आवाज आला, तोही तुटक. "म्हणजे त्यांना माहीतच नाही, मी आहे ते?"

"नाही. उद्या नेहमीच्या वेळेला फोन करा. आणि बोला."

श्रीरामपूरहून परत येताना मला बरं वाटण्यापेक्षा धास्तीच जास्त वाटत होती. इतके दिवस त्या मुलीला जो नकार वाटत होता, तो खरा नव्हता. उद्या अण्णांनी सगळं कळून फोन ठेवला, तर तो खरा ठरणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारांना बरोबर घेऊन मी कोल्हारला अण्णांच्या घरी गेलो. त्यांना न सांगता मुलीशी बोलायला लावायचं, हा विचार वाटेत मनात आला होता. पण फसवून घडवलेलं बोलणं टिकलं नसतं. मी समोर बसून सरळ सांगितलं की फोन कोण करतं, कसा करते, आणि तिचा आवाज इथपर्यंत का पोचत नाही. नात झाल्याचं मात्र सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क तिचा होता.

अण्णांची मान आणखी ताठ झाली. स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, हाताला पीठ तसंच.

"तक्रार मागं घेतो, साहेब," अण्णा म्हणाले. "मिटलं. तुमाला तसदी झाली."

"मागे घ्या. तुमची तक्रार आहे. फक्त एक सांगतो. तंगडं तोडीन म्हणालात, ते तिनं ऐकलंय. आपल्यालाच म्हणाले असं समजूनही ती आजवर फोन करत राहिली."

अण्णांनी चष्मा काढून हातात घेतला.

"ते मी तिला न्हवतं म्हनलं."

"मी तिला तसं सांगितलंय. पण मी परका माणूस."

"मला उचलू द्या," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "तुमाला बोलायचं नसंल तर नका बोलू. मी लई दिवस गप ऱ्हायले. आता न्हाई ऱ्हायची."

त्यांचं वाक्य पुरं होतंय तोवर फोन वाजला. अण्णा जागचे हलले नाहीत. फोन वाजत राहिला. त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत पुढे निघाल्या, तेव्हा अण्णा उठले आणि रिसीव्हर उचलला.

"हॅलो," ते म्हणाले. आणि सवयीनं लगेच, "हॅलो, कोन?"

मी हात वर करून थांबायची खूण केली. ते थांबले. रिसीव्हर कानावर घट्ट दाबून धरला होता. मग त्यांचा चेहरा बदलला. त्या चेहऱ्याचं वर्णन मला अजूनही करता येणार नाही. पलीकडचं बोलणं आम्हाला ऐकू येत नव्हतं. अण्णांचं तेवढं येत होतं, मध्ये मोठमोठे खंड पडून.

"हां. ऐकतोय."

"न्हाई, ठेवत न्हाई. तू बोल."

"ते तुला न्हवतं गं म्हनलं. मला काय ठावं, तू हायेस म्हनून."

त्यांच्या पत्नी शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. अण्णांनी रिसीव्हर जरा कलता केला, दोघांचे कान त्याला लागतील असा. थोड्या वेळानं अण्णांनी विचारलं, "कवा झाली?" आणि मग, "नाव काय ठेवलं?"

हवालदार आणि मी बाहेर अंगणात आलो. हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली आणि उगाच तिच्यावरची धूळ झटकत राहिले.

अण्णा बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, पण बोलणं सरळ होतं. "त्या मास्तरांना ठान्यात बोलावलं हुतं म्हनं तुमी."

"बोलावलं होतं. एक मुका फोन त्यांनीही केला होता. नातीची बातमी द्यायला पेढे घेऊन कोल्हारला आले होते. तुमचा आवाज ऐकून परत गेले."

"मग बोलायचं न्हाई का मानसानं?"

"तुम्ही बोलू दिलं असतं तर बोलले असते."

त्यांनी अंगणातल्या नळाची ठिबकणारी तोटी घट्ट केली. मग म्हणाले, "नंबर हाय का त्यांचा तुमच्याकडं?"

मी दिला. तक्रारदाराची आता काही तक्रार नाही, असा जबाब घेऊन कागद दप्तरी दाखल केला. वरिष्ठांच्या तपासणीत त्यावर कुणी एक शब्द विचारला नाही.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली आणि ती पुढे रोज उपयोगी पडली. ठाण्यात आम्ही प्रश्न विचारतो आणि उत्तर ताबडतोब हवं असतं. नाही आलं तर समोरचा लबाड आहे, नाहीतर उर्मट आहे, असं धरून आवाज चढवतो. पण घाबरलेल्या बाईचं, म्हाताऱ्या माणसाचं, कधी ठाणं न पाहिलेल्या मजुराचं उत्तर लांबून यायचं असतं. ते वाटेत असताना आम्ही ओरडलो की परत जातं. हाताखाली नवीन फौजदार आले की मी त्यांना सांगायचो, प्रश्न विचारून झाला की थोडं गप्प बसा. काहींना ते पटलं, काहींना नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी बंदोबस्तावरून परतताना कोल्हारला थांबलो आणि अण्णांकडे डोकावलो. ओट्यावर मास्तर बसले होते. दोघा व्याह्यांचं, मुलगी पुढच्या सुट्टीत येईल तेव्हा आधी कोल्हारला उतरेल की श्रीरामपूरला, यावर चाललं होतं. मी फोनचं विचारलं. अण्णांच्या पत्नी हसल्या.

"येतो की. दर सोमवारी. आता यास्नी अशी सवय लागलीय, आपलं बोलून झालं की गप बसत्यात. फोनवरच न्हाई, घरातबी. माझं समदं ऐकून घेत्यात, मग बोलत्यात. एवढा संसार झाला, असं कधी हुतं व्हय?"

अण्णा खाली बघत ऐकत होते. पत्नीचं बोलणं संपलं तरी ते थोडा वेळ थांबले. आणखी काही नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाले, "साहेबांना चहा ठेव."